बालाघाट : नाव डोंगराचं की वरच्या मुलखाचं?

सुरुवातीलाच एक कबुली देतो. या विषयाचं नाव ठरलं तेव्हा मी संयोजकांना म्हणालो होतो की, "बालाघाटावर तास-दीड तास बोलण्यासारखं काय आहे?" सह्याद्रीवर बोलावं, सातपुड्यावर बोलावं. आपला बालाघाट म्हणजे काय, तर सोलापूरहून तुळजापूरला येताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालावी लागते तेवढा. पण नावाचा माग काढायला बसलो आणि लक्षात आलं, की ज्या डोंगरावर आपण जन्मलो त्याचं नाव आपण रोज चुकीच्या अर्थानं घेतोय. गंमत म्हणजे ही चूक आपली एकट्याची नाही. तिला चांगली साडेचारशे वर्षं झालीत.

आधी डोंगर कुठं आहे ते बघू. शाळेत आपण तीन रांगा पाठ केल्या : सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. यातली मधली आपली. हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं सह्याद्रीपासून फुटते, अहिल्यानगर जिल्ह्यातून आग्नेयेला सरकते, बीड जिल्हा पार करते, मग धाराशिव, लातूर आणि पुढं कर्नाटकच्या हद्दीत पसरून जाते. शेवट नेमका कुठं होतो हे सांगता येत नाही, कारण तिला शेवट असा नाहीच. हळूहळू उतरत माळ होऊन जाते. शिखरं म्हणाल तर नाहीत. आपल्याकडं डोंगराला माथा असतो तो सपाट, ताटलीसारखा. लाव्हाचे थर एकावर एक निजलेले, मधला मऊ थर झिजला की वरचा कठीण थर पायरीसारखा पुढं येतो. या खडकाला भूगर्भवाले डेक्कन ट्रॅप म्हणतात. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. जिना, पायऱ्या! हे लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता डोंगराची खरी मेख. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे खालून बघणाऱ्याला डोंगर दिसतो. पण तुळजापूरला चढून पुढं नळदुर्गाकडं निघा, किंवा धाराशिवहून येडशीकडं. पलीकडं उतार कुठाय? नाही. तुम्ही एका घराच्या गच्चीवर आलाय. ही रांग दोन बाजूंनी डोंगर नाही, बऱ्याच ठिकाणी ती एका बाजूनं भिंत आणि दुसऱ्या बाजूनं पठार आहे. त्यामुळं आपली जुनी माणसं "डोंगर ओलांडला" म्हणत नाहीत. ती म्हणतात, "घाटावर गेलाय", "घाटाखाली दिलीय पोरगी". बीड जिल्ह्यात तर ही विभागणी अजून पक्की आहे. गोदाकाठची ती गंगथडी आणि वरचे ते घाटावरचे. पीक वेगळं, जमीन वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा.

आणि इथंच नावाची किल्ली आहे. 'बाला' म्हणजे बाळ नव्हे. काही ठिकाणी मी 'बाळघाट' असं लिहिलेलंही पाहिलंय, सह्याद्रीचं लेकरू म्हणून. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. 'बाला' हा फारसी शब्द, अर्थ 'वर', 'वरचा'. तुम्हाला तो चांगला माहीत आहे, फक्त ओळखत नाही. राजगडाचा, रायगडाचा बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला, तो हाच बाला. त्याचा जोडीदार 'पायीन', म्हणजे खालचा. म्हणून जुन्या कागदांत जोडी येते : बालाघाट आणि पाईनघाट. घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख. नीट बघा, मुलूख! डोंगर नाही.

आता ही जोडी फक्त आपली असती तर गोष्ट छोटी होती. पण वऱ्हाडात जा. तिथंही पूर्णा नदीचं काळ्या मातीचं खोरं ते पाईनघाट आणि बुलढाणा-यवतमाळचा वरचा भाग तो बालाघाट. दक्षिणेत जा. कर्नाटक म्हणून जो प्रांत मुसलमानी आणि नंतर इंग्रजी कागदांत येतो, त्याचेही दोन तुकडे, बालाघाट आणि पाईनघाट. मध्य प्रदेशात बालाघाट नावाचा अख्खा जिल्हा आहे. त्याच्या मुख्य गावाचं जुनं नाव बुऱ्हा. म्हणजे जिथं जिथं फारसीत दफ्तर ठेवणारा कारकून एखाद्या चढणीच्या पायथ्याशी बसला, तिथं तिथं एक बालाघाट जन्माला आला. हे विशेषनाम नव्हतंच मुळी. 'वरची आळी', 'खालची आळी' म्हणतो तसला मामला. आमच्या गावात वरची आळी आहे, तुमच्याही असेल. तिचं नाव नकाशावर छापून "ही वरची आळी नावाची पर्वतरांग" म्हणालं तर कसं वाटेल?

मुघलांच्या दख्खनच्या राजकारणात हा शब्द सारखा येतो. जहांगीराच्या अखेरच्या दिवसांत, १६२७-२८ च्या सुमारास, दख्खनचा सुभेदार खानजहान लोदी यानं बालाघाट निजामशाहीला परत देऊन टाकला. पैसे खाऊन दिला, असा आरोप त्याच्यावर आहे. पुढं शाहजहाननं त्याला बंडखोर म्हणून मारलं, त्याच्या पापांच्या यादीत हे एक मोठं कलम. तिथं बालाघाट म्हणजे काही आपला येडशीचा घाट नाही. अजिंठ्याच्या डोंगरावर चढून आल्यावर जो दौलताबाद-अहमदनगरकडचा मुलूख लागतो, तो सगळा. डोंगर कुणी विकत नाही. विकला जातो तो महसूल.

याच्याही आधी एका परदेशी माणसानं हा शब्द समजावून सांगितलाय. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडं त्याची ये-जा होती. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. औषधी वनस्पतींची चर्चा चालू असताना मध्येच तो दख्खनच्या राज्यांवर घसरतो आणि सांगतो, की फारसीत बाला म्हणजे वर आणि घाट म्हणजे डोंगररांग, म्हणून डोंगरापलीकडचा वरचा देश तो बालाघाट. पहिला अर्धा अचूक. दुसऱ्यात घसरला. कारण घाट म्हणजे डोंगररांग नव्हे हो! घाट म्हणजे चढायची उतरायची वाट. नदीला घाट असतो तो पायऱ्यांचा, डोंगराला घाट असतो तोही चढणीचा. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली घाट, सगळ्या वाटा. समुद्रावरून येणाऱ्या गोऱ्या माणसाला समोर भिंत दिसली, त्यानं विचारलं "हे काय?" आणि वाटाड्यानं आपल्या पायाखालच्या वाटेचं नाव सांगितलं. त्यातून 'वेस्टर्न घाट्स' तयार झाले. आपण त्याचं परत मराठीत भाषांतर केलं : पश्चिम घाट. सह्याद्री हे चांगलं नाव असताना!

१८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला, यूल आणि बर्नेल यांचा. त्यात बालाघाट हा शब्द आहे. ते स्पष्ट लिहितात की याचा अर्थ घाटांच्या वरचा देश. आणि घाट म्हणजे डोंगर असा गैरसमज झाल्यामुळं फोर्ब्ज नावाच्या त्यांच्याच एका आधीच्या लेखकानं या शब्दाची उलटी फोड केलीय, असा टोमणाही मारतात. पण तोवर उशीर झाला होता. मोजणीच्या नकाशांना डोंगराच्या प्रत्येक रेघेला एक नाव हवं असतं. रेघ काढली, तिच्यावर मुलखाचं नाव वाकवून लिहिलं. मुलूख विसरला गेला, रेघ राहिली. माझं मत विचाराल तर बालाघाट ही 'पर्वतरांग' नकाशाची कमाई आहे. आमच्या आजीनं जन्मात हा शब्द उच्चारला नसेल.

मग आजी काय म्हणायची? हा खरा प्रश्न. इथल्या माणसानं या डोंगराला काय म्हटलं?

तर अख्ख्या रांगेला काहीच नाही. ज्याला तीनशे किलोमीटरचा डोंगर एका नजरेत दिसत नाही, त्याला अख्ख्या डोंगराला नाव द्यायची गरजच पडत नाही. त्यानं तुकड्यांना नावं दिली. तुळजापूरच्या डोंगराला माहात्म्यग्रंथांत यमुनाचल म्हटलंय, यमुना नदीशी त्याचा संबंध नाही तरी. त्या डोंगरातून खाली उतरणारी दरी तो रामदरा. चढणीच्या माथ्यावरची शिळा ती घाटशीळ. तिथं उभं राहून देवीनं रामाला लंकेची वाट दाखवली, अशी कथा. घाटशीळ हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण त्यात घाट हा शब्द त्याच्या मूळ अर्थानं जिवंत आहे : वाटेवरचा दगड. धाराशिव शहराच्या कडेला हातलादेवीचा डोंगर. पलीकडं घाटंग्री. वाशीकडं घाटपिंपरी. हे सगळे घाट म्हणजे चढ. यांच्यापैकी कुणालाही आपण 'वेस्टर्न' किंवा 'ईस्टर्न' आहोत हे माहीत नाही.

येरमाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नावातच माळ आहे. तिथल्या टेकडीवर येडेश्वरी, आपली येडाई. कथा तुम्हाला पाठ आहे : सीतेच्या शोधात फिरणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, रामानं ओळखलं आणि म्हणाला, अगं, तू येडी आई आहेस. तुळजापूरला हीच कथा, तिथं "तू का आई?" म्हणून तुकाई. शब्दांची फोड भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत, पण दोन गावं एकाच डोंगरावर बसून एकाच कथेवरून आपापलं नाव काढतात, याला काहीतरी अर्थ आहे. येडशीच्या रामलिंगाला परत रामच. तिथं दरीत जटायू पडला म्हणतात. म्हणजे रामाची वाट या डोंगराच्या माथ्यावरून जाते, घाटशिळेपासून रामलिंगापर्यंत. नकाशेवाल्यांना जी रांग रेघ म्हणून दिसली, ती इथल्या माणसाला एका प्रवासाची वाट म्हणून दिसली.

आणि येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत चुन्याचे खडे वेचतात. हजारो, लाखो हात शिवारातून पांढरे खडे वेचून ढीग घालतात. भूगर्भवाला सांगेल की हे चुनखडे बेसाल्टच्या झिजेतून, कमी पावसाच्या प्रदेशात, काळ्या मातीत तयार होतात. यात्रेकरूला ते ठाऊक नाही, पण डोंगर कशाचा बनलाय हे त्याच्या हाताला ठाऊक आहे.

डोंगराच्या पोटात धाराशिवची लेणी आहेत, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. मोठं लेणं अजिंठ्याच्या विहारांशी नातं सांगणारं. बौद्ध की जैन, यावर विद्वानांचं शंभर वर्षं भांडण चाललंय; मला विचाराल तर आधी एक आणि मग दुसरं, यात भांडण्यासारखं काही नाही. लेणी तिथंच का, याचं उत्तर खाली वीसेक किलोमीटरवर आहे : तेर. ग्रीक व्यापाऱ्यांच्या 'पेरिप्लस'मध्ये पहिल्या शतकात ज्याचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवरचं तगर म्हणून येतो, ते गाव. तिथलं कापड बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचं. भडोचपर्यंतच्या वाटेत किती घाट उतरावे लागत असतील ते तुम्हीच मोजा.

आता शहराच्या नावाकडं येतो. तुम्ही वाट बघताय, मला दिसतंय. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आपल्या जिल्ह्याची नोंद 'उस्मानाबाद, पूर्वीचं नाव नळदुर्ग' अशी आहे. मीर उस्मान अली खान निजामाच्या गादीवर आले १९११ साली. म्हणजे "उस्मान अली गादीवर आल्यावर नाव बदललं" असं जे आपण सरसकट सांगतो, ते दुरुस्त करायला हवं. ते युवराज असतानाच नाव रूढ झालं होतं. दुसरी गोष्ट. १८५३ साली निजामानं कर्जाच्या फेडीपोटी इंग्रजांना वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर जो मुलूख तोडून दिला, त्याचं कागदावरचं नाव होतं 'धाराशिव'. इंग्रजी लिपीत त्याचं 'धाराशेव' झालंय, पण तेच. १८६० मध्ये तो परत निजामाकडं गेला. त्या मधल्या काळात इथं कारभार बघणारा फिलिप मेडोज टेलर. त्याच्या 'तारा' कादंबरीची सुरुवात तुळजापुरात होते. तेव्हा धाराशिव हे नाव २०२३ मध्ये कुणी कोरं काढलेलं नाही. सप्टेंबर २०२३ ची अधिसूचना, मे २०२४ चा उच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंय, त्यात मी जात नाही. मला एवढंच दिसतं : पावणेदोनशे वर्षांत जिल्ह्याची तीन नावं झाली, नळदुर्ग, उस्मानाबाद, धाराशिव. एक किल्ल्याचं, एक राजाचं, एक गावाचं. आणि डोंगराचं फारसी नाव मात्र कुणाच्या डोळ्यात खुपलं नाही. कारण ते फारसी आहे हेच कुणाला माहीत नाही! (हशा) नाही, हसू नका, मी बदला म्हणत नाहीये. फारसीतून आपण बालेकिल्ला घेतला, बालाघाट घेतला, ते आता मराठीच झाले. फक्त अर्थ विसरू नये.

अर्थ विसरल्यानं नुकसान काय होतं, ते आता सांगतो. हा भाषेचा प्रश्न राहत नाही, पाण्याचा होतो.

बालाघाट म्हणजे 'वरचा देश' हे लक्षात घेतलं की प्रश्न पडतो, वर म्हणजे कशाच्या वर? दोन नद्यांच्या. या माथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेकडं वळला तर तेरणेत जातो, तेरणा मांजरेत, मांजरा गोदावरीत. दक्षिण-पश्चिमेकडं वळला तर सीनेत, बोरीत, तिथून भीमेत आणि भीमा कृष्णेत. तेरखेड्याकडं उगवणारी तेरणा आणि नळदुर्गाच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी. त्या बोरीवर १६१३ मध्ये इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांध घालून पाणीमहाल केला, तो आजही पावसाळ्यात नर-मादी धबधब्याखाली कोरडा राहतो. या दोघी एकाच गच्चीवरून दोन दिशांना उतरतात. एकीचं पाणी शेवटी राजमहेंद्रीजवळ जातं, दुसरीचं विजयवाड्याजवळ.

आता कायद्यात या गच्चीला दोन मालक आहेत. कृष्णेच्या पाण्याचा लवाद वेगळा, गोदावरीचा वेगळा. दोन्हींवर अध्यक्ष न्यायमूर्ती बच्छावतच होते, पण हिशेब स्वतंत्र. मराठवाडा म्हटलं की सगळ्यांना गोदावरी आठवते. धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग, परंडा, भूम, तुळजापूरची बाजू, कृष्णेच्या खोऱ्यात आहे, हे मंत्रालयात पटवून द्यायला आपल्या माणसांची किती वर्षं गेली! कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना त्यातून आली. मागणी २३.६६ टीएमसीची, पहिल्या टप्प्यात हाती घेतलं ७ टीएमसीचं काम. भीमेचं पाणी उजनीतून बोगद्यानं सीना-कोळेगावकडं आणायचं आणि तिथून टप्प्याटप्प्यानं उपसून डोंगरावर चढवायचं. तुळजापूरच्या बाजूला ते कुठं आणून सोडायचं, तर रामदऱ्याच्या तलावात. धाराशिव शहर आज उजनीचंच पाणी पितं. खालचं पाणी विजेचं बिल भरून वर आणायचं. घाट म्हणजे चढ, हे पंप चालवणाऱ्या माणसाला कोशात बघावं लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, नकाशावर बालाघाट ही एक तपकिरी रेघ म्हणून शिकवू नका. पोरांना पाणलोट म्हणून दाखवा. येडशीच्या एखाद्या शेताच्या बांधावर उभं करा आणि विचारा, या बांधाच्या अलीकडचं पाणी कुठं जातं आणि पलीकडचं कुठं. बांधावरचा शेतकरी बरोबर सांगेल.

येडशी आली म्हणून शेवटचं. रामलिंग घाटाचं अभयारण्य १९९७ चं, क्षेत्र अवघं बावीस-साडेबावीस चौरस किलोमीटर. पूर्वी या घाटातून बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला जायची, अडीच फुटी रुळांवरून, इतकी सावकाश की लोक उतरून परत चढायचे असं आमचे वडील सांगायचे. त्यात तिखटमीठ असेल. गाडी गेली, रूळ रुंद झाले. जंगल म्हणाल तर सागवानाचं विदर्भातलं दाट जंगल नव्हे. खुरटी झाडी, गवत, दरीत पाणी, माकडं. अशा जागी डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला तरुण नर. मधे शेतं, रस्ते, गावं, सगळं ओलांडून. वनखात्यानं त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरवलं, पथकं आली, महिनेच्या महिने तो हाती लागला नाही. चोहीकडं गावं आहेत, गुरं आहेत. ज्याची गाय गेली त्याला या प्रवासाचं कौतुक कसं सांगायचं, हा प्रश्न आहेच, आणि तो मी सोपा करून सांगणार नाही.

पण वाघाला नाव पडलं. वनखात्याच्या पद्धतीत वाघाला आकडा असतो. इथं आल्यावर त्याला म्हणायला लागले 'रामलिंग'. तो ज्या जागी राहिला, त्या जागेचं नाव. टिपेश्वर नाही, बालाघाट तर नाहीच.

प्रश्न असतील तर विचारा. मागच्या बाजूला माइक द्या कुणीतरी.